सत्तावन्नाव्या घरातली विहीर

मला फक्त लोकांना विहिरीतून बाहेर काढायचं होतं. यात वाईट काय होतं हे मला आजही धड सांगता येत नाही, पण त्र्याहत्तर साली त्या एवढ्याशा कामामुळे अर्धं नागपूर माझ्याशी बोलेनासं झालं. अर्धं नागपूर हे जरा जास्तच झालं. मी जन्मभर ग्रंथालयात सूचीपत्रं लिहिली आहेत, असली ढोबळ विधानं मला शोभत नाहीत. नेमकं सांगायचं तर त्रेसष्ट माणसं. पण त्या त्रेसष्ट माणसांपलीकडचं नागपूर मला माहीतच नव्हतं, त्यामुळे माझ्या बाजूने पाहिलं तर ते सगळं नागपूरच होतं.

विहीर खरी नव्हती, छापलेली होती. इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात बाबारावांचा छापखाना होता. वर्षभर तिथे लग्नपत्रिका आणि अगरबत्तीची वेष्टनं छापली जायची, आणि दिवाळीच्या आधी एक खेळ. खेळाचं नाव 'मोहीम'. भला मोठा कागद, आठ घड्या घातलेला; त्यावर शंभर घरं, एक फासा, चार सोंगट्या आणि मागे चौदा नियम. चार सोंगट्या म्हणजे पोस्टमन, पैलवान, फोटोग्राफर आणि शिक्षिका. एकसष्ट साली पहिल्या भागात हे चौघे नागपूरहून रामटेकला गेले. लोकांना ते इतके आवडले की पुढच्या दिवाळीत बाबारावांनी त्यांना पचमढीला पाठवलं. मग दर दिवाळीला नवा भाग निघू लागला. सहाव्या भागात चौघे आगबोटीत बसले. नवव्या भागात ते चंद्रावर गेले, कारण त्या वर्षी सगळेच चंद्राबद्दल बोलत होते. दहाव्यात ते बैलगाडीने वर्ध्याला पोहोचले. चंद्रावरून वर्ध्याला बैलगाडीने कसे आले, हे कुणीही विचारलं नाही. आले, एवढं पुरे होतं.

आणि प्रत्येक भागात सत्तावन्नाव्या घरात विहीर असायची. पचमढीच्या डोंगरात विहीर, समुद्राच्या मध्यभागी विहीर, चंद्रावर विहीर.

आता माझं दुखणं सांगतो. नियम नऊ असा होता: 'विहिरीत पडलेल्या खेळाडूला दुसऱ्या खेळाडूने दोर टाकल्यावरच बाहेर येता येईल.' नियम चौदा असा होता: 'दोर घर क्रमांक सत्तावन्न येथे मिळेल.' वाचकांनी हे दोन नियम पुन्हा एकदा वाचावेत. दोर विहिरीत. आणि विहिरीतल्याला बाहेर काढायला दोर हवा. म्हणजे जो पडला तो पडला. बारा वर्षांत, बारा भागांत, हा खेळ खेळायला जमणाऱ्या नागपुरातल्या सगळ्या बैठकांमध्ये मिळून एकही माणूस त्या विहिरीतून वर आलेला नव्हता.

हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. मी बोललो नाही. मी सहसा बोलत नाही. आमची बैठक प्रताप नगरात यमुताईंच्या व्हरांड्यात दर रविवारी सकाळी भरायची. यमुताई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या अर्थातच शिक्षिकेची सोंगटी घ्यायच्या. हिंगण्याच्या कारखान्यातला देवाजी हा पैलवान. आमच्या शेजारचे कृष्णकांत फोटोग्राफर. पोस्टमन कुणाला नको होता, म्हणून तो माझ्याकडे आला आणि बारा वर्षं माझ्याकडेच राहिला. नियम तीन असा होता की खेळताना दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही. तो मला फार सोयीचा होता.

पण विहिरीत पडलेला माणूस तांत्रिकदृष्ट्या खेळातून बाद, म्हणून त्याला नियम तीन लागू नाही, असा एक रिवाज हळूहळू पडला होता. विहिरीतल्याने वाटेल ते बोलावं, कुणाच्याही चालीला नावं ठेवावीत, आणि वरच्यांनी त्याला उलट बोलू नये. पहिला चहाही त्यालाच. देवाजी तर विहिरीत पडला की मांडी ठोकून बसायचा. मी मात्र बारा वर्षांत एकदाही विहिरीत पडलो नव्हतो. हे मी माझं नशीब समजत होतो.

तर त्या वर्षी गणपती उठल्यावर बाबारावांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याने त्यांना तसंही फारसं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत वाचायला बंदी केली. बाबारावांनी मला बोलावून घेतलं.

"मधुसूदनराव," पट्टी बांधलेल्या चेहऱ्याने ते म्हणाले, "तेरावा भाग तयार आहे. राजस्थानचं वाळवंट. चित्र झालं आहे. नियम जुनेच. नत्थू खिळे जुळवते, तुम्ही फक्त प्रूफ पाहा आन् कागद आणा. पन दिवाळीच्या आधी निघाला पाहिजे. एक साल चुकलं ना, का लोक दुसरीकडे जाऊन बसतात. मंग मोहीम संपली समजा."

मी हो म्हणालो. आयुष्यात एवढी जबाबदारीची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. घरी येऊन मी चारुलताला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "प्रूफच पाहायचंय ना? मग एवढे घामाघूम कशाला होता?"

प्रूफ आलं. मी ते टेबलावर पसरलं, चष्मा पुसला आणि वाचत वाचत नियम चौदावर आलो. वाचकहो, माझी बाजू समजून घ्या. पस्तीस वर्षं मी अशी कार्डं लिहिली की ज्यात 'अमुक पाहा' लिहिलं असेल तर अमुकच्या कार्डावर खरोखर काहीतरी असायचं. 'तमुक पाहा' असं लिहून तमुकवर 'अमुक पाहा' लिहिणाऱ्या एका सहकाऱ्याशी मी सात वर्षं अबोला धरला होता. त्याला तो अबोला शेवटपर्यंत कळला नाही, ही गोष्ट वेगळी. अशा माणसाच्या हातात लाल पेन्सिल होती. मी सत्तावन्न खोडलं आणि समासात एकेचाळीस लिहिलं. एकेचाळिसाव्या घरात उंटांचा एक तांडा होता. उंटवाल्यांकडे दोर असणारच. मला ते फार सयुक्तिक वाटलं.

नत्थू हा बाबारावांचा कंपोझिटर. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात शिशाच्या अक्षरांचे खिळे. त्याने प्रूफ उजेडात धरलं.

"साहेब, हे एकेचाळीस तुम्ही लिहून राहिले का बाबारावनं सांगतलं?"

मला खोटं बोलता येत नाही. आणि खरं बोलायला आवाज लागतो. "मीच," असं मी कसंबसं म्हणालो.

नत्थूने प्रूफ खाली ठेवलं. "ठीक आहे जी," तो म्हणाला, आणि खिळ्यांच्या पेटीतून चार आणि एक उचलले.

आता कागद. त्या वर्षी कागदाची टंचाई होती. परवान्याशिवाय रीमभर कागद मिळत नव्हता, आणि परवाना एका कचेरीत मिळायचा. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी शेवटी मला मदतच केली, निदान त्यांना तरी तसं वाटतं. अर्जात रकाना होता: 'छपाईचा उद्देश'. मी 'निर्मळ करमणूक' असं लिहिलं. खिडकीतले केशवराव नावाचे कारकून म्हणाले, "करमणुकीला कागद नाही. शैक्षणिक असेल तर बोला."

ही बातमी आमच्या गल्लीत पोहोचल्यावर सल्ल्यांचा पूर आला. कृष्णकांत हिशेबतपासनीसांच्या कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारी अर्ज हे त्यांचं माहेर होतं. "भूगोल लिहा," ते म्हणाले. "रामटेक, पचमढी, वर्धा, राजस्थान. शुद्ध भूगोल आहे. आणि जुने भाग नमुन्यादाखल जोडा." इथे माझी चूक झाली. नमुन्यादाखल एक भाग जोडायचा असतो. पण बारा भागांच्या संचातून एकच काढून देणं मला जमेना. मी बाराही जोडले, क्रमाने, वर अनुक्रमणिका लावून.

केशवरावांनी नेमका नववा उघडला.

"चंद्रावर विहीर आहे, असं शिकवणारा हा कुठला भूगोल?" त्यांनी विचारलं. रांगेतली माणसं पुढे वाकून पाहू लागली. मी म्हणालो की ती विहीर पहिल्या भागापासून आहे. हे ऐकून त्यांचं समाधान होईल असं मला का वाटलं, कोण जाणे.

तिसऱ्या खेपेला यमुताई माझ्यासोबत आल्या. "तुम्ही बोलत नाही आणि ते ऐकत नाहीत, असं किती दिवस चालायचं?" त्या म्हणाल्या. देवाजीची दुसरी पाळी होती, म्हणून तोही सकाळी आला. आणि अर्ज आपल्या सल्ल्याने भरला असल्यामुळे कृष्णकांतही. आम्ही चौघे खिडकीसमोर उभे राहिलो. केशवरावांनी पेन खाली ठेवलं.

"मला एक सांगा," ते म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात कुतूहल होतं. "तुम्ही वयानं मोठी माणसं आहात. बारा वर्षं तोच खेळ, तेच चौघे, तीच विहीर. काय आहे काय त्यात?"

देवाजी म्हणाला, "साहेब, आमच्या कारखान्यात तीन खाते आहेत. तिन्ही खात्याचे लोक एकमेकाचं तोंड पाहत नव्हते. कंपनीच्या बसमध्ये सुद्धा आपापलं बसत. आता खेळाहून भांडतात. सोमवारी बसमध्ये बसलं का रविवारचं भांडन सुरू. मोठं चांगलं वाटते."

यमुताई म्हणाल्या, "मी नागपूर सोडून फारशी कुठे गेले नाही. आईचं आजारपण, मग शाळा. ही शिक्षिका मात्र जाते. यंदा ती कुठे जाते ते मला पाहायचं असतं." आणि लगेच पदर खांद्यावर घट्ट ओढून घेत त्या म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काही नाही." कुणीच हसत नव्हतं.

कृष्णकांत म्हणाले, "बारा भाग आहेत. तेरावा नसला तर संच अपुरा राहतो."

केशवरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे अपूर्ण काम आहे," ते म्हणाले. "आधी का नाही सांगितलं? अपूर्ण कामांना वेगळी तरतूद आहे. एकूण किती भाग होणार?"

"होतच राहणार," यमुताई म्हणाल्या.

"मग तर प्रश्नच मिटला," केशवराव म्हणाले आणि शिक्का मारला.

परवाना मिळाला, पण अपूर्ण कामांच्या तरतुदीत पांढरा कागद उरला नव्हता. वाटायला होता तो साखरेच्या पुड्यांचा निळा कागद. वाळवंट निळं झालं. उंट पाण्यात चालल्यासारखे दिसत होते. मला वाटलं होतं की यावर लोक चिडतील. मी लोकांना किती कमी ओळखत होतो, हे नंतर कळलं. निळ्या रंगाबद्दल एकही तक्रार आली नाही. महाल भागातल्या बैठकीने तर असं ठरवलं की ही पूर्वी समुद्र असलेली जमीन आहे आणि बाबारावांनी फार खोल विचार केला आहे.

तक्रार आली ती एकेचाळीसची. पाचशे प्रती छापून, घड्या घालून तयार होत्या, आणि नत्थूने कुणाच्या तरी कानात सांगितलं. सोमवारी सांगितलं असावं, कारण मंगळवारी दूध घ्यायला दार उघडलं तर फाटकाला दोराचं एक वेटोळं लटकत होतं. चिठ्ठी नाही, काही नाही. बुधवारी आणखी एक. शुक्रवारी सुंभाचं, जाडजूड, गाठी मारलेलं. चारुलताने त्यातला बरा दोर निवडून अंगणात कपडे वाळत घातले. मी म्हणालो, "अगं, हा माझा निषेध आहे." ती म्हणाली, "असेल. पण मजबूत आहे."

मग शिष्टमंडळं यायला लागली. धंतोलीतल्या स्त्रियांच्या बैठकीतून सिंधूताई नावाच्या बाई आल्या. मी पुढे केलेला पाट त्यांनी घेतला नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे विहिरीत पडल्याशिवाय सासूला नि सुनेला एकमेकींशी मोकळं बोलता येत नाही. आता ती वर येणार म्हणता? इतकं बोलून वर आल्यावर जेवायला कोण वाढणार तिला?" मी म्हणालो की मी याचा विचार केला नव्हता. "केला असता तर बरं झालं असतं," असं म्हणून त्या गेल्या. महालातून एक लेखी निवेदन आलं; त्यावर एकोणीस सह्या होत्या आणि पहिलंच वाक्य असं होतं: 'दोर विहिरीत असतो हे आम्हांस लहान मुलाइतके कळते.' ते मला फार लागलं. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना माहीत होतं. मला वाटत होतं की हे एकट्या माझ्या लक्षात आलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्या एकटेपणाचा मला थोडा अभिमान होता.

देवाजी शनिवारी आला. सायकल फाटकाला टेकवून तो पायरीवर बसला.

"काकाजी, तुम्ही हे काहून केलं जी?"

मी नियम नऊ आणि नियम चौदा समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, आजाऱ्याचं ऐकावं तसे.

"बराबर आहे तुमचं," तो म्हणाला. "पन आमी काय वर याले पडतो का?"

त्या रात्री मी जेवलो नाही. दिवाळीला तेरा दिवस उरले होते. पाचशे प्रती छापखान्यात पडून होत्या आणि एकही बैठक एकही प्रत न्यायला तयार नव्हती. बाबारावांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती, आणि मोहीम बुडवण्याचं काम मी लाल पेन्सिलीने, एकट्याने, टंचाईच्या कागदावर करून दाखवलं होतं. चारुलता म्हणाली, "बाबारावांना सांगून टाका." पण ऑपरेशन झालेल्या माणसाला धक्का देऊ नये असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टर असं म्हणाले नव्हते, ते वाचू नये एवढंच म्हणाले होते. पण मी त्यांचं म्हणणं थोडं वाढवून घेतलं.

तोडगा यमुताईंनी काढला. "खेळून बघू," त्या म्हणाल्या. "एकच डाव. सगळ्या बैठकांनी आपापली माणसं पाठवावीत. नवा नियम खेळायला बरा वाटला तर प्रती घेऊन जा. नाही तर कागद निळा आहेच. इतवारीत साखरेच्या पुड्या बांधायला देऊन टाकू." नंतर मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "आणि मधुसूदनराव, तुम्ही खेळायचं. पळायचं नाही." मी सोमवारी अमरावतीला पुतण्याकडे जायचा विचार करत होतो, हे त्यांना कसं कळलं ते मला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी यमुताईंच्या व्हरांड्यात, अंगणात, कुंपणावर मिळून ती त्रेसष्ट माणसं जमली. मधोमध सतरंजीवर निळं वाळवंट पसरलेलं. मी, देवाजी, कृष्णकांत आणि यमुताई चार बाजूंना. नत्थू खर्रा चघळत खांबाला टेकून उभा. सिंधूताई समोरच्या खुर्चीवर, हातांची घडी घालून.

अर्ध्या तासात माझा पोस्टमन बावन्नवर आला. मी फासा टाकला. पाच.

कुंपणावरून कुणीतरी म्हणालं, "पडला रे." बारा वर्षांत पहिल्यांदा माझा पोस्टमन सत्तावन्नाव्या घरात, विहिरीच्या काळ्या गोलात उभा होता. मी मान खाली घालून बसलो. एवढ्यात माझ्या हातात गरम काहीतरी आलं. चहाचा कप. पहिला. काहीही झालं असलं तरी रिवाज तो रिवाज. धंतोलीच्या एका बाईंनी चिवड्याची बशी सरकवली. आणि त्रेसष्ट माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी बोलायची वाट पाहत होती ती.

मी चहाचा एक घोट घेतला. पुढे जे झालं ते मी केलं असं म्हणायला मला अजून संकोच वाटतो.

"देवाजी," मी म्हणालो, "तुम्ही बारा वर्षं वाट फुटली की पैलवानाला डाव्या वाटेने नेता, आणि बारा वर्षं डावीकडे अडकता. डावीकडे काहीही नाही हो. रामटेकलाही नव्हतं."

देवाजीने तोंड उघडलं, पण उलट बोलायचं नसतं, म्हणून मिटलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मला तो आवाज आवडला. मी आणखी एक घोट घेतला.

"कृष्णकांत, तुम्ही फासा टाकण्याआधी त्यावर फुंकर घालता. दान बदलत नाही. फासा मात्र ओला होतो, आणि तो पुढे आम्हाला हातात घ्यावा लागतो."

आता अंगणात चांगलाच हशा झाला. कृष्णकांतांनी फासा धोतराला पुसला. मला सारखं काहीतरी आठवत होतं. बारा वर्षं मी फक्त पाहिलं होतं, आणि ते सगळं सूचीपत्रासारखं ओळीने आत लावून ठेवलेलं होतं. एक कप्पा उघडला की पुढचा आपोआप उघडत होता. चंद्रावर देवाजी भुकेच्या घरात अडकला असताना खरोखरच चिवडा खात होता, हे मी सांगितलं. दहाव्या भागात कृष्णकांत आपलीच सोंगटी समजून माझा पोस्टमन चालवत जिंकले होते आणि मी त्यांचं अभिनंदन केलं होतं, हेही सांगितलं. सिंधूताईंच्या हातांची घडी सुटली होती. त्या डोळे पुसत होत्या. मग मी यमुताईंकडे वळलो. इथे थांबायला हवं होतं. पण मी विहिरीत होतो.

"आणि यमुताई, तुम्ही घरं मोजताना ज्या घरात उभ्या आहात तेही घर मोजता. नेहमी नाही. गरजेप्रमाणे."

जो हशा उसळला त्याने कुंपणावरचे दोघे आत पडले. यमुताईंचा चेहरा लाल झाला. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना गणित शिकवलं होतं. त्यांनी फासा उचलला, टाकला, घरं मोजली. शिक्षिका एकेचाळिसाव्या घरात पोहोचली. उंटांचा तांडा. दोर. त्या दानात एक घर जास्त मोजलं होतं की नाही, हे मी सांगणार नाही; मी आता विहिरीत नाही.

"दोर मिळाला," त्या म्हणाल्या. "हा घ्या. या वर. आत्ताच्या आत्ता."

सगळी माणसं पुढे सरकली. हाच तो क्षण होता. माझा नियम, माझ्या लाल पेन्सिलीचा, जसा चालायला हवा तसाच चालला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विहिरीतून वर येणार होतं. मी माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं. अर्धा चहा उरला होता. सातव्या भागाबद्दल तर मी अजून काहीच बोललो नव्हतो.

"नको," मी म्हणालो.

"नको म्हणजे?"

"मी इथे बरा आहे."

"अहो, नियम तुम्हीच केलाय."

"हो," मी म्हणालो. "चुकलंच ते."

त्यानंतर काय गोंधळ झाला तो मला नीट सांगता येणार नाही, कारण मीही त्यात हसत होतो. महालाचे लोक म्हणू लागले, एकेचाळीस खोडा, पुन्हा सत्तावन्न करा. पण दोर हातात घेऊन यमुताई काही हलेनात. दोर मिळाला आहे तो वाया जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. सिंधूताई अचानक म्हणाल्या की दोर असलेला बरा. विहिरीतली फार बोलायला लागली तर सासूच्या हातात काहीतरी हवं. यावर त्यांच्या सुनेने, जी शेजारीच बसली होती, सांगितलं की मग नको म्हणायची सोयही हवी. शेवटी देवाजी उठून उभा राहिला.

"आयका," तो म्हणाला. "दोर राहू द्या एकेचाळीसवर. ज्याले टाकाचा त्यानं टाकावा. वर याचं का नाही, हे विहिरीतल्याच्या मर्जीवर."

टाळ्या वाजल्या. नत्थूने खर्रा थुंकला आणि छापखान्यात जाऊन एका ओळीचे खिळे जुळवून पाचशे प्रतींवर, उंटांच्या पायाखाली रिकामी जागा होती तिथे, नियम पंधरा छापला: 'विहिरीतल्याने नको म्हटल्यास दोर परत घ्यावा व त्याला चहा द्यावा.' चहाचं मी सांगितलं नव्हतं. ते नत्थूने मनाने घातलं. दिवाळीच्या दोन दिवस आधी छापखान्यात एकही प्रत उरली नाही. त्या डावात कोण जिंकलं, हे नंतर कुणालाच आठवेना. कृष्णकांत म्हणतात की ते जिंकले, पण ते नेहमीच म्हणतात.

भाऊबीज झाल्यावर मी बाबारावांकडे गेलो. पट्टी निघाली होती, जाड भिंगांचा नवा चष्मा आला होता. निळा कागद मांडीवर घेऊन ते नियम वाचत होते. नत्थू बाजूला बसून फराळ करत होता. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं: पेन्सिल, एकेचाळीस, दोरांची वेटोळी, सगळं. आवाज आश्चर्यकारकरीत्या नीट निघाला. हल्ली तो निघत होता.

बाबाराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चष्मा काढून ते म्हणाले, "मधुसूदनराव, पहिल्या भागात घाईत चुकलं होतं माझं. दुसऱ्या सालापासून दर साली मी तो नियम दुरुस्त करून देतो. दर साली हा नत्थू जुनाच जुळवलेला फर्मा लावते. छापून झाल्यावर कळते मले. अकरा साल झाले, मी ओरडून राहिलो; यंदा डोळ्यापायी तेवढं राहिलं."

मी नत्थूकडे पाहिलं. तो अनारसा खात होता.

"मग माझाच बदल तेवढा का लावलास?" मी विचारलं.

"बाबाराव दर साली ओरडते," नत्थू म्हणाला. "त्याइचं कोन आयकते. तुम्ही तं बारा सालात काही मांगतलंच नव्हतं जी."